खणलेली माती आणि नवे घर

भंडारा जिल्ह्याचा इतिहास सांगू लागले की राजे आणि लढाया मागे पडतात. पुढे येते ती माती. वैनगंगेच्या या खोऱ्यातील शेतकऱ्याने आपल्या जमिनीला नेमकी नावे दिली आहेत. काळी चिकण ती कन्हार, तिच्याहून हलकी ती मोरांड, रेतमिश्रित ती सिहार आणि खडेगोट्यांची ती बरडी. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताच्या जमाबंदीने हीच नावे उचलली आणि त्यांवर सारा बसविला. परंतु ही प्रतवारी पिकाच्या दृष्टीने झालेली आहे. घराच्या दृष्टीने ती जवळजवळ उलटी वाचावी लागते. गव्हाला मानवणारी कन्हार पायाखाली दगा देते, आणि नांगराला नकोशी असलेली बरडी भिंतीला आधार देते.

नव्या घराचा पाया खणला की मातीचा ढीग वर येतो. तीच माती जोत्यात परत भरावी काय, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मुरूम आणायचा तर पैसे पडतात. हा ढीग तर दारात फुकट असतो. पण घर टिकणार की तडकणार, हे पुष्कळदा याच उत्तरावर ठरते.

खणलेल्या मातीची पारख या जिल्ह्याला नवी नाही. कोहळी समाजाने गोंड राजवटीत आणि पुढेही येथे अनेक तलाव बांधले. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा सांगते. १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्यात होता, आता गोंदिया जिल्ह्यात आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांवरून त्यांना 'मामा तलाव' हे नाव पडले. त्यांतील कित्येकांच्या मातीच्या पाळी आजही पाणी अडवून उभ्या आहेत.

यावर कोणी विचारील की, चिकण माती पाळीला चालली, तर घराला का चालू नये? कारण दोन्हींचे काम निराळे आहे. पाळीने पाणी अडवावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. ती थोडी फुगली किंवा बसली तरी निभावते. घराची भिंत मात्र एका अंगाला बोटभर उचलली गेली की चिरते. म्हणून कोहळ्यांकडून घ्यायचे ते परीक्षेचे शहाणपण. त्यांच्या पाळीची माती नव्हे.

मातीचे दोष दोन आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला दोष सैलपणाचा. खणलेली माती फुलते. तशीच भरली तर पावसाळ्यात बसते आणि वरची फरशी खाली जाते. यावर उपाय आहे. अमेरिकेतील प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ साली दाखवून दिले की प्रत्येक मातीला एक ठराविक ओल असते, आणि त्या ओलीवर ठोकली असता ती सर्वांत घट्ट बसते. कोरडी माती दबत नाही आणि चिखलही दबत नाही. म्हणून वीतभर जाडीचे थर घालावेत, बेताचे पाणी शिंपडावे आणि प्रत्येक थरावर धुमस चालवावी. वरची पालापाचोळ्याची, मुळ्यांची माती तेवढी आधी बाजूला काढावी.

दुसरा दोष फुगण्याचा. काळ्या मातीतील सूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. येथे धुमस कामाची नाही. उलट कोरडी असताना घट्ट ठोकलेली काळी माती पाणी लागताच अधिकच जोराने फुगते. या मातीवर मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दीर्घ संशोधन केले. न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा सुमारे मीटरभर थर वर दिला की खालच्या काळ्या मातीचा उठाव आवरतो, असे त्यांनी दाखविले. योग्य मुरूम त्या कामी येतो.

ही परीक्षा फार खर्चाची नाही. भारतीय मानकात एक साधी कसोटी सांगितली आहे. बारीक चाळलेली, वाळविलेली माती १० ग्रॅम एका मापनळीत पाण्यात आणि तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये टाकावी आणि २४ तासांनी पाहावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील माती तिच्या दीडपटीपर्यंत वाढली तर धोका कमी. दुपटीच्या पुढे गेली तर ती जोत्यात घालू नये.

मग ही कसोटी होत का नाही? मजुरीच्या हिशेबात याचे एक उत्तर सापडते. खोदकाम मोजता येते. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली घेतली की दाम ठरते. धुमस किती चालली, हे फरशी पडल्यावर कोणी मोजू शकत नाही. जे मोजले जात नाही त्याची मजुरी बुडते, आणि ज्याची मजुरी बुडते ते काम होत नाही. आम्ही याला मजुराचा आळस म्हणणार नाही.

पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्या पाण्याखाली गावे गेली आणि अनेक कुटुंबांना नव्या जागी, अनोळखी मातीवर घरे उभारावी लागली. मातीचे धरण बांधताना थराथराची घनता तपासावी, असा अभियांत्रिकीचा दंडक आहे. ज्याने त्या धरणासाठी आपले घर सोडले, त्याच्या जोत्यालाही तोच दंडक लागला पाहिजे. घरकुलाच्या हिशेबात माती-परीक्षेची आणि धुमसाच्या मजुरीची वेगळी ओळ असावी, एवढीच आमची मागणी आहे.