प्रवाह तुटला की सिग्नल लाल

सुरक्षा रिलेचा इतिहास बहुधा कारखान्यातल्या आपत्कालीन बटणापासून सांगितला जातो. माझ्या मते तो शतकभर आधी, रेल्वेच्या रुळांवर सुरू होतो. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७०च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या किन्झुआ इथे विजेवर चालणारा सिग्नल बसवला. त्यात धोका दाखवायचा तर प्रवाह वाहावा लागे. म्हणजे तार तुटली किंवा बॅटरी संपली, तरी सिग्नल ‘मार्ग मोकळा’ असंच सांगत राही. रॉबिन्सन यांनी ही मांडणीच उलटी केली आणि १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. रुळांच्या एका तुकड्याच्या या टोकाला बॅटरी, त्या टोकाला रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने उचलला जाणारा स्विच. रुळांतून प्रवाह पोहोचतो तोवर रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परततो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली, बॅटरी संपली, बहुतेक वेळा रूळ तडकला, तरी परिणाम तोच. बिघाड टाळण्याचा दावा इथे कुठेच नाही. बिघाड झाला तर तो लपू नये, एवढीच हमी आहे, आणि मला तीच खरी क्रांती वाटते.

यावर पहिला आक्षेप प्रवाशाचा असतो: अशी यंत्रणा विनाकारण गाड्या थांबवते. ते खरंच आहे. मुंबईत जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १९२८ मध्ये बोरीबंदर ते भायखळा असे स्वयंचलित रंगीत सिग्नल आणले. आजही मुंबईच्या पावसात रुळांवर पाणी साचलं की प्रवाह पाण्यातून गळतो, रिले पडतो आणि मोकळ्या मार्गावर लोकल खोळंबते. पण हा उशीर डोळ्यांना दिसतो, त्याची तक्रार होते, दुरुस्ती होते. चुकीच्या हिरव्या सिग्नलची तक्रार करायला अनेकदा कोणी उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रवाह तुटण्याऐवजी नको तिथून आला तर? १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनजवळ क्लॅपहॅम जंक्शनला नेमकं हेच घडलं. नव्या सिग्नलचं काम करताना एक जुनी तार कापून बाजूला बांधायची राहिली. ती पुन्हा जुन्या जागी टेकली, पडायला हवा होता तो रिले उचललेला राहिला, सिग्नल लाल झालाच नाही, गाड्या आदळल्या आणि ३५ माणसं गेली. अँथनी हिडन यांच्या चौकशीत दिसलं की ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या १३ आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती, आणि जोडणीची स्वतंत्र तपासणी झालीच नव्हती. रॉबिन्सन यांच्या तत्त्वाची मर्यादा इथे उघडी पडते: एकच रिले स्वतःबद्दल खोटी साक्ष देऊ शकतो.

कारखान्यांसाठीच्या रिलेने या मर्यादेला उत्तर शोधलं. जर्मनीतल्या पिल्झ कंपनीचा ‘पीएनओझेड’ हा आपत्कालीन थांब्याचा रिले १९८७चा. अशा रिलेत बटणाच्या दोन स्वतंत्र तारा दोन रिले चालवतात आणि दोघांचे संपर्क एकापाठोपाठ जोडलेले असतात. एकाचा संपर्क वितळून चिकटला तरी दुसरा यंत्र थांबवतो. शिवाय प्रत्येक रिलेचे संपर्क यांत्रिकपणे एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे यंत्र चालवणारा संपर्क चिकटला तर त्याच रिलेचा, रिले पडल्यावरच मिटणारा ‘बंद संपर्क’ मिटूच शकत नाही. पुन्हा सुरू करण्याचं सर्किट याच बंद संपर्कातून जात असल्यामुळे यंत्र पुढच्या वेळी सुरूच होत नाही. मात्र ‘पुढच्या वेळी’ हा तपशील विसरता येत नाही. वर्षभर कोणी बटण दाबलंच नाही, तर चिकटलेला संपर्क वर्षभर तसाच राहतो आणि त्या काळात दुसराही चिकटू शकतो. म्हणून ठरावीक मुदतीने चालतं यंत्र मुद्दाम बटण दाबून थांबवावं लागतं, उत्पादन खोळंबलं तरी.