काठावरचा माणूस

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला जशी जुनी मंदिरे आहेत तशी बारवही, म्हणजे पायऱ्यांची विहीरही, आहे. सेलू तालुक्यातले वालूर, परभणीजवळची पिंगळी ही गावेही आज बारवांसाठी ओळखली जातात. आपण त्यांच्याकडे शिल्प म्हणून पाहतो. पण बांधणाऱ्याच्या लेखी पायऱ्यांचे काम साधे होते: पाणी कितीही आटले तरी माणसाला पाण्यापर्यंत उतरता यावे, आणि आलेल्या वाटेने वरही येता यावे. त्या वाटेवर तो एकटा क्वचितच असे. फ्रीडायव्हिंग, म्हणजे सिलिंडरशिवाय एका दमावर खोल जाण्याचा छंद, अशा सोबतीच्याच एका नियमावर उभा आहे: एकट्याने बुडी मारायची नाही. आधी जोडीदार, मग पाणी. हा नियम परदेशी वाटतो. माझे म्हणणे असे की मराठवाड्याच्या विहिरींवर तो नियम करावाच लागला नाही, कारण सोबत ही पाणी काढण्याच्या रीतीतच होती. रीत बदलली आणि सोबत सुटली; मात्र ती सुटल्याची नोंद कोणी घेतली नाही.

मोटेची विहीर डोळ्यांसमोर आणली तर हे पटते. बैल धावेवरून खाली-वर करीत, कातडी मोट थारोळ्यात रिती होई, मोट हाकणारा माणूस दिवसभर विहिरीच्या तोंडाशी असे, तर पाटाच्या दुसऱ्या टोकाला दारे धरणारा. पाण्यात पडलेल्या पोराचा आवाज ऐकायला कान होते आणि त्याच्याकडे सोडायला नाडा हाताशी होता. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधत, नाही तर कमरेला दोर बांधून त्याचे टोक वरचा जाणता धरून ठेवी. विहिरीची खोली परस या मापाने मोजली जाई. मापच माणसाच्या उंचीवरून ठरलेले. तळाचा गाळ मुठीत आणून दाखवणे हा बुडीचा पुरावा होता, आणि पुरावा म्हटला की तो पाहणारा आलाच. आखाती देशांतल्या मोतीबुड्यांचीही जोडी असे. बुडी मारणारा घैस आणि वरून त्याचा दोर ओढणारा सैब. पाणी वेगळे, धंदा वेगळा, पण एका दमावर जाणाऱ्याचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात हवे, हे दोन्हीकडे कळलेले होते.

हे दुसरे टोक का हवे, याचे उत्तर शरीरात आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो प्रामुख्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, प्राणवायू संपत आल्यामुळे नव्हे. बुडीआधी जोरजोरात श्वास घेतले की हा वायू कमी होतो, धोक्याची सूचना उशिरा येते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते. अल्बर्ट क्रेग या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने 1961 मध्ये अशा घटनांचा अभ्यास मांडला. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो; वर येताना तो उतरतो, तसा फुप्फुसातल्या प्राणवायूचा दाबही घसरतो. त्यामुळे धोका तळाशी जितका, त्याहून अधिक शेवटच्या काही मीटरांत आणि डोके बाहेर आल्यावरच्या काही क्षणांत असतो. असा माणूस हात मारत नाही, ओरडत नाही. पट्टीचा पोहणारा भर दुपारी गपकन गेला की गावात पाण्यातल्या साती आसरांनी ओढून नेल्याचे बोलले जाई. त्या समजुतीमागे अशाही काही घटना असाव्यात, असा तर्क करता येतो. स्पष्टीकरण चुकीचे होते, पण अवेळी एकट्याने विहिरीत उतरू नये हा त्यातून निघणारा धडा खरा होता.

मग ही सोबत गेली कशी? तिच्यावर कोणी घाला घातला नाही. ती सोयींच्या मागून गेली. मोटेच्या जागी इंजिन आणि मग मोटार आली, तेव्हा विहिरीच्या तोंडाशी दिवसभर थांबण्याचे कारण उरले नाही. 1972 च्या दुष्काळानंतर बोअर वाढले. पायरीच्या विहिरीत उतरणाऱ्या माणसांमुळे नारूचा रोग पसरत असे. 1980 च्या दशकात देशभर नारू निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, त्यात अशा विहिरी बंद करण्यावर किंवा पाणी वरून शेंदण्याजोग्या करण्यावर भर होता. 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. हा सौदा फायद्याचाच होता. याच काही दशकांत पाण्याचे नवे साठेही उभे राहिले. पूर्णा नदीवरचे येलदरीचे धरण 1968 चे. त्यानंतर कितीतरी वर्षांनी प्लास्टिक अंथरलेली शेततळी आली. धरणाला विहिरीसारखा काठ नाही, आणि शेततळ्याच्या निसरड्या उतारावरून पोहणाऱ्यालाही बाहेर येणे कठीण. पाणी वाढले, पण त्याच्याजवळ कामासाठी थांबणारा माणूस कमी झाला.

यावर पहिला आक्षेप असा की जुन्या विहिरींतही माणसे बुडत. बुडत होतीच, आणि दम धरण्याच्या पैजा तिथेही लागत; काठावरच्या माणसाला कार्बन डायऑक्साइड ठाऊक नव्हता. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: ही सोबत सगळ्यांची कुठे होती? ज्या समाजात पाण्याला हात लावण्यासाठी 1927 मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, तिथे गावविहिरीचा काठ दलितांसाठी मोकळा नव्हता. हे मान्य केलेच पाहिजे. म्हणून जुन्या विहिरीकडे परतण्याचा प्रश्नच येत नाही. रीतीने काही जणांना फुकट दिलेले आता सगळ्यांना समजून-उमजून मिळवायचे आहे. तिसरा आक्षेप येतो की पोरे अजूनही टोळीनेच पोहायला जातात, मग सोबत गेली कुठे? पण टोळी म्हणजे सोबत नव्हे. सगळेच पाण्यात असले तर पाहणारा कोणी नाही, आणि घाबरून मागोमाग उडी घेणारा मित्र अनेकदा दुसरा बळी ठरतो.

फ्रीडायव्हिंगची शिस्त नेमके हेच वेगळे करते. एक खाली, एक वर; वर आलेल्यावर निदान अर्धा मिनिट नजर; दोर ठरलेल्या खोलीचा; जोरजोरात श्वास घेणे वर्ज्य; आणि जोडीदार असा, की ज्याला बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर धरता येते आणि ज्याने त्याचा सराव केला आहे. सहल तारकर्लीच्या समुद्राची असो की घराजवळच्या पाण्याची, तारीख आणि गाडी ठरवण्याआधी ठरवायचे ते हे: या बुडीत वर कोण राहणार? मोट होती तोवर या प्रश्नाचे उत्तर विहीरच देत असे. आता ते निघण्यापूर्वी द्यावे लागते, आणि ज्याचे नाव निघेल त्याने त्या वेळी बुडीचा मोह सोडून वरच थांबायचे असते.