‘घोस्ट’ आणि त्याचे शेजारी

इंग्रजी शब्दकोशात ‘जी’ या अक्षराच्या मागोमाग ‘एच’ येणाऱ्या शब्दांचे एक लहानसे पान लागते. गास्टली, घाट, घी, गर्किन, गेटो, गोस्ट आणि गूल हे शब्द तेथे शेजारी शेजारी राहतात. कुळ निराळे, गाव निराळे. एका चाळीतले भाडेकरू म्हणावेत, इतकाच त्यांचा संबंध.

आपला विद्यार्थी या चाळीत शिरला की भुताच्या शब्दाचा उच्चार हटकून ‘घोस्ट’ असा करतो. जी-एच म्हणजे घ, हे त्यास पक्के ठाऊक असते. घोरपडे हे आडनाव इंग्रजीत तसेच लिहितात ना! वर्गात हशा पिकतो, आणि पुष्कळदा शिक्षकही त्यात सामील होतात. मला तो हशा अन्यायाचा वाटतो. जे लिहिले आहे तेच मूल वाचते. तेथे ‘एच’ लिहिला कोणी, हा खरा प्रश्न आहे.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘गास्त’ असा होता आणि त्यात ‘जी’नंतर ‘एच’ नव्हता. विल्यम कॅक्स्टन हा इंग्रज व्यापारी फ्लँडर्समधील ब्रूज शहरी अनेक वर्षे राहिला, कोलोन येथे मुद्रणकला शिकला आणि १४७६ साली त्याने वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडातील पहिला छापखाना घातला. फ्लेमिश भाषेत याच शब्दाचा भाऊबंद जी-एचने लिहीत. ती सवय कॅक्स्टनच्या छपाईत उतरली असावी, असे कोशकार मानतात. त्याच्या पुस्तकांत ‘गूस’ आणि ‘गोट’ यांनाही हा ‘एच’ चिकटलेला आढळतो. हंसाचा व बोकडाचा पुढे सुटला. भुताचा मात्र सुटला नाही. १५९० च्या सुमारास तो कायमचा झाला.

मग शेजाऱ्यांस लागण झाली. ‘गास्टली’ म्हणजे भयानक. हा शब्द भिवविणे या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. भुताशी साम्य भासले म्हणून त्यानेही ‘एच’ घेतला. ‘गर्किन’ ही लोणच्याची कोवळी काकडी. सॅम्युअल पीप्सच्या दैनंदिनीत १६६१ साली ती ‘एच’विना आहे. ‘गेटो’ हा व्हेनिसचा शब्द; तेथील यहुद्यांस १५१६ साली ज्या वस्तीत कोंडले, तिचे हे नाव. यातला ‘एच’ मुका असला तरी निरुद्योगी नाही, कारण तो नसता तर इटालियन मनुष्य ‘जेतो’ वाचता. ‘गूल’ हा प्रेते खाणारा अरबी पिशाच्च. बेकफर्डच्या १७८६ च्या ‘वाथेक’ कादंबरीतून तो इंग्रजीत आला. त्याच्या आरंभीचा घशातला ध्वनी हैदराबादकरांस मुद्दाम सांगावयास नको.

राहिले घाट आणि घी. या दोघांचा ‘एच’ मात्र हक्काचा, आपल्या महाप्राण घकारासाठी घातलेला. परंतु इंग्रजाच्या मुखी तो वर्णच नाही. तो ‘गाट’ आणि ‘गी’ म्हणतो, आणि त्याला कोणी हसत नाही! त्याने घाटाचा अर्थही बदलला. आपल्याकडे घाट म्हणजे डोंगर उतरण्याचा मार्ग, किंवा नदीच्या पायऱ्या. युरोपीय लोकांनी वाटेचे नाव साऱ्या पर्वतरांगेस दिले. यूल व बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हा गैरसमज नोंदविला आहे. आता आपणही सह्याद्रीस ‘पश्चिम घाट’ म्हणतो. स्वतःचीच वस्तू परक्याच्या दुकानातून उसनी आणावी, तसे झाले.

‘गोस्ट’चा मूळ अर्थ भूत नव्हे; प्राण, आत्मा असा आहे. मृताची छाया हा अर्थ चौदाव्या शतकातला. म्हणूनच १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘होली गोस्ट’ येतो. आम्हां कॅथलिकांच्या इंग्रजी प्रार्थनांतही तो होता. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्या जागी ‘होली स्पिरिट’ आले. मराठीत आपण ‘पवित्र आत्मा’ म्हणतो, त्यामुळे येथे भुताची शंका कोणास येत नाही. इंग्रजीतील एका वाक्प्रचारात तो जुना अर्थ अद्याप टिकून आहे: ‘गिव्ह अप द गोस्ट’, म्हणजे प्राण सोडणे. त्याचे ‘म्हाताऱ्याने भूत सोडले’ असे भाषांतर मी एका उत्तरपत्रिकेत वाचले आहे.