अंतोनीचा एकांतवास

ख्रिस्ती एकांतवासाचा उगम सांगताना एक समजूत हटकून पुढे केली जाते. इ. स. ३१३ मध्ये मंडळीला राजाश्रयाचे अभय मिळाले, ख्रिस्ती होणे सोयीचे झाले; ज्यांना ही सोय रुचली नाही, ते अरण्यात गेले. पुढील पिढ्यांविषयी हे बऱ्याच अंशी खरे असेल. परंतु मिसर देशातील अंतोनीला ते लागू पडत नाही, असे आमचे मत आहे.

अंतोनीचा जन्म इ. स. २५१ च्या सुमाराचा. आईबापांच्या मृत्यूनंतर, विशीच्या आसपास असताना, प्रभूने धनवान तरुणाला केलेली आज्ञा त्याने उपासनेत ऐकली व वडिलार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. प्रथम तो गावाजवळच राहून हाताने काम करी व प्रार्थना करी. पस्तिशीच्या सुमारास नदीपलीकडील एका ओसाड गढीत त्याने स्वतःला कोंडून घेतले. वर्षातून दोनदा वरून भाकरी सोडली जाई. सुमारे वीस वर्षांनी मित्रांनी दार मोडले. बाहेर आलेला मनुष्य स्थूलही नव्हता आणि उपासाने झिजलेलाही नव्हता, असे त्याचा चरित्रकार बिशप अथनेशियस सांगतो. राजाश्रयाला तेव्हा अजून काही वर्षे अवकाश होता.

एकांत म्हणजे सेवेपासून पलायन, ही शंका आपल्या मंडळ्यांत आजही घेतली जाते. ती निराधार नाही. असे पलायन इतिहासात पुष्कळ घडले आहे. अंतोनीने मात्र ३११ च्या छळात अलेक्झांड्रिया गाठले, ते खाणींत व तुरुंगांत पडलेल्या विश्वासणाऱ्यांची सेवा करण्यासाठी. संन्याशांनी न्यायसभेत येऊ नये, असा न्यायाधीशाने हुकूम काढला. इतर लपले. अंतोनीने आपले वस्त्र धुतले आणि दुसऱ्या दिवशी तो समोर, उंच जागी, सर्वांना दिसेल असा उभा राहिला! वीस वर्षांच्या स्तब्धतेचे मोल आम्ही येथे मोजतो.

हे चरित्र लिहिणाऱ्याला अरियसच्या पक्षाशी झुंजायचे होते; त्यामुळे त्यातील काही भाषणांत अंतोनीपेक्षा अथनेशियसच अधिक बोलतो, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

छळ शमल्यावर अंतोनी पुन्हा एकांताकडे वळला आणि पुढे तांबड्या समुद्राकडील डोंगरात राहिला. भेटीस येणारे थकून येत, म्हणून त्यांच्यासाठी त्याने थोडी भाजी लावली. इ. स. ३५६ मध्ये तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचे दफन गुप्त ठेवण्यात आले, आणि मेंढीच्या कातड्याचे एक वस्त्र त्याने अथनेशियसला दिले. त्याच वर्षी सैनिकांनी अथनेशियसला अलेक्झांड्रियातून हुसकावले. त्याला आसरा दिला तो अरण्यातील संन्याशांनीच.