छापा, काटा आणि कुंडली

मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातला 'संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र' हा भाग अनेक विद्यार्थ्यांना नकोसा वाटतो. मन समजून घेण्याच्या ओढीने आलेल्या मुलामुलींपुढे प्रमाण विचलन आणि संभाव्यता येऊन उभी राहते, आणि पाठ्यपुस्तकातली उदाहरणेही बहुधा परदेशातली असतात. म्हणून आम्ही येथे पुण्यात २००८ साली झालेल्या एका चाचणीची हकीकत सांगणार आहोत. चाचणी फलज्योतिषाची होती. परंतु माणसाविषयीचा कोणताही दावा तपासायचा तर काय काय सांभाळावे लागते, हे मानसशास्त्र ठेचा खात जे शिकले, ते जवळजवळ सगळे या एका चाचणीत पाहायला मिळते.

थोडी पार्श्वभूमी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली विद्यापीठांमध्ये 'ज्योतिर्विज्ञान' शिकवण्याची योजना आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००४ साली न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. वाद मात्र चालूच राहिला. एक बाजू म्हणे, अनुभव येतो. दुसरी म्हणे, ग्रहांचा माणसाशी संबंध असूच शकत नाही. खरे तर ही दोन्ही उत्तरे मोजमापाची नव्हेत. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे चिकित्सक अभ्यासक प्रकाश घाटपांडे या चौघांनी वेगळा मार्ग धरला. कुंडलीवरून व्यक्तीची बुद्धिमत्ता सांगता येते, एवढाच एक दावा त्यांनी तपासायला घेतला. दावा असा आटोपशीर केल्याशिवाय चाचणी सुरूच होत नाही. 'ज्योतिष खरे की खोटे' हा प्रश्न तपासता येत नाही. 'या चाळीस कुंडल्यांपैकी किती बरोबर ओळखल्या' हा येतो.

पण मग 'अनुभव येतो' या म्हणण्याचे काय? याचे उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली वर्गातच मिळवले होते. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाची चाचणी दिली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती त्याचे 'खास' वर्णन ठेवले. ते कितपत जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. सर्वांना दिलेले वर्णन शब्दशः एकच होते आणि त्यातला बराच मजकूर फुटपाथवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता! ऐकणाऱ्याचे समाधान हा पुरावा धरता येत नाही, तो यासाठी.

दुसरी अडचण समोरासमोर बसण्याची. बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट आमच्या वाचकांपैकी काहींनी ऐकली असेल. गणिताचे उत्तर तो टाप आपटून देत असे आणि त्याचा मालक, शाळामास्तर फॉन ऑस्टेन, अगदी प्रामाणिक माणूस होता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले की घोडा चुकतो. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याच्या मानेची, चेहऱ्याची जी बारीकशी हालचाल होई, ती घोडा टिपत असे. विचारणाऱ्याला स्वतःला तिचा पत्ताही नसे. समोर बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर मुलाबद्दलची काळजी लिहिलेली असताना ज्योतिषी नक्की काय वाचतो, पत्रिका की चेहरा, हे सांगणे म्हणूनच अशक्य होते.

पुण्याच्या चाचणीत ही वाट बंद केलेली होती. स्वयंसेवकांनी शाळाशाळांतून शिक्षकांनी हुशार ठरवलेल्या मुलांची माहिती गोळा केली. तशीच बौद्धिक अक्षमता असलेल्या (त्या वेळच्या भाषेत मतिमंद) मुलांची त्यांच्या विशेष शाळांतून. दोन्ही गटांतली शंभर-शंभर मुले घेतली. जन्मवेळ पालकांकडून घेतली, कारण जन्माच्या दाखल्यावर ती क्वचितच असते. कुंडल्या संगणकावर मांडल्या, त्यांवर खुणेचे क्रमांक घातले, आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली याची नोंद विद्यापीठात सुरक्षित ठेवली. कुंडल्या पाठवणाऱ्यालाही उत्तर माहीत नाही आणि पाहणाऱ्यालाही नाही. याला 'दुहेरी अंध' पद्धत म्हणतात.

प्रत्येक ज्योतिषाला दोनशेतल्या चाळीस कुंडल्या यादृच्छिक पद्धतीने निवडून देण्यात आल्या. येथेही एक जुना धागा आहे. चार्ल्स पर्स आणि जोसेफ जास्ट्रो यांनी १८८४ च्या सुमारास वजनातला सूक्ष्म फरक माणसाला जाणवतो का हे तपासताना, पुढचे वजन कोणते द्यायचे हे पत्ते पिसून ठरवले होते. माणसाने 'सहज' म्हणून ठरवलेल्या क्रमालाही एक वळण असते आणि समोरचा ते ओळखू शकतो.

आता निकाल. कुंडल्या ५१ ज्योतिषांनी मागवल्या, उत्तरे २७ जणांनी पाठवली. सर्वांत चांगली कामगिरी चाळीसपैकी २४ बरोबर अशी होती. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

हे आकडे वाचायचे कसे? कुंडलीकडे न पाहता नाणे उडवले, छापा म्हणजे हुशार, तर चाळीसपैकी सरासरी वीस बरोबर येतील. पण दर वेळी नेमके वीस येणार नाहीत. किती मागेपुढे होईल ते प्रमाण विचलन सांगते: चाळीस गुणिले अर्धा गुणिले अर्धा म्हणजे दहा, आणि दहाचे वर्गमूळ सुमारे ३.१६. म्हणजे १७ ते २३ हा टापू अगदी नेहमीचा. दोनशे कुंडल्यांसाठी हेच विचलन सुमारे सात येते. शंभराच्या अपेक्षेपुढे १०२ म्हणजे काहीच नाही.

२४ चे काय? चाळीसपैकी २४ म्हणजे ६० टक्के. हा एकच आकडा जाहिरातीत छापला तर भारदस्त दिसेल. नुसत्या नाणेफेकीने २४ किंवा अधिक येण्याची संभाव्यता सुमारे १३ टक्के आहे. म्हणजे २७ माणसे नाणी उडवत बसली तर त्यांतल्या तीन-चार जणांना हा पल्ला गाठता यायला हवा होता. येथे एकालाच जमला. वर्गात साठ मुले असतील तर प्रत्येकाला एक नाणे चाळीस वेळा उडवायला सांगून पाहावे. साधारण आठ मुलांचे छापे चोविसावर जातील. त्या आठांना पुढे बोलावून 'तुझी युक्ती काय?' असे विचारले, तर एखादा सांगूही लागेल!

आणि कोणाचे २८ आले असते तर? एकट्या माणसाला योगायोगाने २८ किंवा अधिक मिळण्याची शक्यता हजारात आठ इतकी थोडी आहे. पण माणसे २७ आहेत, आणि त्यांतल्या निदान एकाला तसे मिळण्याची शक्यता जवळजवळ पाचात एक होते. तेव्हा २८ वाल्याला नव्या चाळीस कुंडल्या द्याव्याच लागल्या असत्या. मानसशास्त्राला हा धडा फार उशिरा मिळाला. २०१५ साली अनेक देशांतील संशोधकांनी मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले. मुळात ९७ टक्के प्रयोगांत परिणाम 'लक्षणीय' ठरलेला होता. पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांतच तसा निघाला.

पुण्याच्या चाचणीतही एक फट आहे, आणि विद्यार्थ्यांनी ती शोधावी असे आम्हाला वाटते. ज्या चोवीस जणांनी कुंडल्या मागवून उत्तरे धाडली नाहीत, ते कोण होते? ठाण्यात खोपटच्या एसटी स्थानकावर उभे राहून आपण प्रवाशांना विचारले, 'एसटीची सेवा कशी वाटते?', तर ज्यांनी कंटाळून केव्हाच रेल्वे धरली त्यांचे मत आपल्या वहीत येणारच नाही. सुटलेली माणसे उरलेल्यांसारखीच असतात असे गृहीत धरता येत नाही. म्हणून चाचणीचा निष्कर्ष या २७ जणांपुरता आणि एका संस्थेपुरता पक्का आहे; तो सर्व ज्योतिषांना लागू करताना एक पाऊल अंदाजाने टाकावे लागते. हे पाऊल टाकणे आम्हाला गैर वाटत नाही, पण ते अंदाजाचे आहे हे लक्षात असावे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या ध्यानात आली असेल. यातली 'हुशार' मुले शिक्षकांच्या मताने निवडलेली होती. या मताचाच प्रयोग रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत केला आणि १९६८ साली प्रसिद्ध केला. सुमारे वीस टक्के मुलांची नावे शिक्षकांना देऊन सांगण्यात आले की चाचणीनुसार ही मुले यंदा झेप घेणार आहेत. नावे प्रत्यक्षात यादृच्छिक निवडलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीच्या वर्गांत या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा अधिक वाढलेला आढळला. वरच्या वर्गांत तसे दिसले नाही.

या प्रयोगावर टीका पुष्कळ झाली. वापरलेली चाचणी लहान मुलांसाठी भरवशाची नव्हती, हा मुख्य आक्षेप. नंतर असे अनेक प्रयोग झाले आणि कुठे परिणाम दिसला, कुठे नाही. स्टीफन राउडेनबुश यांनी १९८४ साली अशा १८ प्रयोगांचे निकाल एकत्र मांडले तेव्हा या विसंगतीत एक संगती सापडली. शिक्षक मुलांना आधीपासून ओळखत असतील तर बाहेरून सांगितलेल्या 'हुशारी'चा परिणाम जवळजवळ शून्य. ओळख दोन आठवड्यांच्या आतली असेल तर तो दिसतो. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात हे धरले, तर हा काळ म्हणजे जूनचा दुसरा पंधरवडा.