कंदील आणि नोंदवही

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस (१८२०). १९७४ पासून तो आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. परिचर्या महाविद्यालयांत शपथ घेताना विद्यार्थिनींच्या हातात दिवे असतात, ते त्यांच्याच आठवणीने. चित्रांतून बाईंच्या हाती बहुधा पणतीसारखा दिवा दाखवतात. प्रत्यक्षात तो तुर्की पद्धतीचा, घडीचा कंदील होता. ही चूक किरकोळ आहे. पण या दिव्याच्या गोष्टीत बाईंची नोंदवही मागे पडली, ती मात्र पडायला नको होती.

क्रिमियन युद्धातले आजारी आणि जखमी ब्रिटिश सैनिक जहाजाने काळा समुद्र ओलांडून स्कुतारीला आणले जात. हे गाव म्हणजे आजच्या इस्तंबूलमधील उस्कुदार. तिथल्या एका प्रचंड बराकीचे रुग्णालय केलेले होते. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी नाइटिंगेलबाई ३८ परिचारिका घेऊन तिथे पोहोचल्या. लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. तेव्हा बाईंनी आपल्या परिचारिकांना ताकीद दिली, की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणत्याही रुग्णाची शुश्रूषा करायची नाही. समोर माणसे कण्हत असताना हे कसे जमले असेल? पुढच्या काही दिवसांत इंकरमनच्या लढाईतले जखमी येऊन आदळले आणि डॉक्टरांनी स्वतःच त्यांना बोलावले. बाईंचा निर्णय व्यवहार म्हणून यशस्वी ठरला. नीती म्हणून तो बरोबर होता का, यावर वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांशी जरूर चर्चा करावी.

मग फरशा घासल्या गेल्या, कपडे उकळून धुण्याची सोय झाली, पथ्याच्या जेवणासाठी वेगळे स्वयंपाकघर उभे राहिले. रात्री कंदील घेऊन फेऱ्याही होत होत्या. तरीही मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत चढले होते. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छताविषयक आयोग आला, तेव्हा बराकीखालची गटारे तुंबलेली आणि पाण्याच्या पाटात मेलेला घोडा पडलेला आढळला. गटारे धुऊन काढली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली, पाचशेवर हातगाड्या कचरा उपसला. जूनपर्यंत प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. वॉर्डांतली गर्दीही तोवर ओसरली होती, हे खरे. पण एवढ्या मोठ्या घसरणीचे सगळे श्रेय तिला देता येत नाही.

त्या वेळी बाईंची समजूत वेगळी होती. उपासमारीने आणि थकव्याने खंगलेली माणसे फार उशिरा येतात, म्हणून दगावतात, असे त्यांना वाटे. १८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने त्यांनी आकडे मांडले, आणि ती समजूत टिकली नाही. ज्या इमारतीत आपण रात्रंदिवस राबलो, तीच माणसे मारत होती, हे त्यांना स्वतःच्याच कागदांवर दिसले.

पूर्वेकडील संपूर्ण सैन्याचा जानेवारी १८५५ चा हिशेब पाहा. सैनिक ३२,३९३. टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले २,७६१, जखमांनी ८३, इतर कारणांनी ३२४. पहिल्या आकड्याला १२ ने गुणून वार्षिक प्रमाण काढले, तर ते हजारी १,०२३ येते! म्हणजे नवी भरती थांबली असती आणि हाच वेग राहिला असता, तर शत्रूने गोळी न झाडताही वर्षभरात सैन्य संपले असते. जानेवारी १८५६ मध्ये सैनिक होते ४४,२१२ आणि अशा रोगांचे मृत्यू ४२. हे प्रमाण काढण्याचे काम मुलांवर सोपवावे.

१८५८ मध्ये बाईंनी हे आकडे पाकळ्यांच्या आकृतीत मांडले. प्रत्येक महिन्याची एक पाकळी, कोन सर्वांचा ३० अंश. पाकळीचे क्षेत्रफळ मृत्यूच्या प्रमाणात असते, म्हणून प्रमाण चौपट झाले तर त्रिज्या दुप्पटच होते. आकृती वाचताना इथे हमखास घोटाळा होतो.

गंमत अशी, की रोग दूषित हवेतून पसरतात असे बाई मानत. जंतूंचा सिद्धान्त अजून रुजायचा होता. सिद्धान्त चुकीचा, पण गटारे साफ करण्याचा उपाय बरोबर!

जुलै १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा १५ विद्यार्थिनींनिशी सुरू झाली. रुग्णाचे बारकाईने निरीक्षण करणे आणि जे दिसले ते नेमके सांगणे, हा तिथल्या शिक्षणाचा गाभा होता. मात्र त्यांच्या नावाने ओळखली जाणारी शपथ त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झाली आणि तीत डॉक्टरांशी निष्ठा राखण्याचे वचन होते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या १९५३ च्या आचारसंहितेतही डॉक्टरांच्या आज्ञा निष्ठेने पाळण्याचे कलम राहिले. १९७३ मध्ये ती बदलली, आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्यांच्याप्रती आहे, असे तीत नमूद झाले.