पद्मिनीचं बॉनेट, बफिंग मशीन आणि शंभर वर्षांचा रंग

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "गाडीवरचे गोल गोल ओरखडे घरच्या घरी मशीनने काढता येतात का?" येतात. पण आधी मी स्वतः काय वाटोळं केलं ते ऐका आणि मग थोडा इतिहास. तो मला आधी माहीत असता, तर वाटोळं झालंच नसतं.

माझं आजोळ वालचंदनगर, इंदापूर तालुका. आजोबांकडे १९८६ ची क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी होती. दर खंडेनवमीला ते जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने ती हातानेच पॉलिश करायचे. ते गेल्यावर मी पुण्याहून एका शनिवारी गेलो, गोल फिरणारं बफिंग मशीन उसनं आणलं आणि बॉनेटवर धरलं. पॅड क्रीम रंगाचं झालं. मला वाटलं, किती मळ निघतोय! दहा मिनिटांत बॉनेटच्या मधल्या उंच रेषेवर राखाडी प्रायमर दिसायला लागला. आजी बघत होती. म्हणाली, "त्यांनी तीस वर्षं जपला रे तो रंग."

आता इतिहास. वालचंदनगर आणि पद्मिनी, दोन्हींच्या मुळाशी माणूस एकच: सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९३० च्या दशकात त्यांनी कळंब गावाजवळ साखर कारखाना काढला आणि त्याभोवती हे गाव वसलं. पुढे इथेच यंत्रं बनायला लागली, अगदी इस्रोच्या रॉकेटचे भागसुद्धा. १९४० मध्ये त्यांनी बंगळूरला विमानाचा कारखाना उभारला, तर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या आणि मग फियाटच्या गाड्या निघाल्या. वालचंद १९५३ मध्ये गेले. 'पद्मिनी' हे नाव त्यानंतर वीसेक वर्षांनी आलं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

आणि रंगाचा इतिहास? मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांना ब्रशने रंग आणि व्हार्निश लावायचे. वाळायला कित्येक दिवस, कधी कधी आठवडे जायचे. १९२३ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचा 'ड्यूको' हा फवारायचा लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडे फर्निचरवाले आजही 'ड्यूको' म्हणतात, तो हाच शब्द. पण या लॅकरला फवारल्या फवारल्या चमक नसायची, ती घासून आणावी लागायची. आपल्या डेंटर-पेंटरचं 'रबिंग-पॉलिश' त्याच परंपरेतलं.

म्हणजे बघा, पॉलिश करणं म्हणजे मळ काढणं नाही. पॉलिश म्हणजे ओरखड्याच्या आजूबाजूचा रंग घासून त्याला ओरखड्याच्या तळाच्या पातळीवर आणणं. दर वेळी थोडा रंग कायमचा जातो. आमच्या पद्मिनीवर रंगाचा थर सरळ उघडा होता, म्हणून पॅड क्रीम झालं. गाडी मला सांगत होती, "थांब, मी संपतेय." मला ते कळलं नाही.

तुमच्या गाडीवर मात्र बहुतेक क्लिअर कोट असणार. १९८० च्या दशकापासून जगभर ही पद्धत पसरली: खाली रंग, वर पारदर्शक थर. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा बारीक. तो झिजला तरी पॅडवर रंग येत नाही, म्हणून गाडी इशाराही देत नाही. आणि इथे कंट्रोल-झेड नाही, मंडळी.

म्हणून पहिल्यांदा करणार असाल तर ड्युअल ॲक्शन मशीन घ्या. त्याचं पॅड फिरतं आणि डगमगतंही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. जास्त दाबलं की ते फिरायचंच थांबतं. साधं गोल फिरणारं मशीन थांबत नाही, जाळत सुटतं.

गाडी सावलीत लावा, नीट धुवा, क्ले बारने चिकटलेले कण काढा. नाहीतर तीच धूळ पॅडखाली पॉलिश पेपरचं काम करेल. कडा, उंच रेषा आणि प्लास्टिकचे भाग मास्किंग टेपने झाका. कडांवर रंग आधीच पातळ असतो. मग फक्त दीड फुटाच्या चौकोनात, सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश लावून बघा. पॅड सपाट ठेवा, हळू सरकवा, तीन-चार फेऱ्या मारा, पुसून बघा. पत्रा हाताला गरम लागला तर थांबा. भागलं तर तेवढ्यावरच पूर्ण गाडी करा. नाही भागलं, तरच एक पायरी वर. नखाला अडकणारा ओरखडा मात्र सोडून द्या. तो काढायच्या नादात थर संपतो.

मी पद्मिनीचं बाकीचं अंग असंच केलं, दोन महिन्यांनी, रविवारची पूर्ण सकाळ घालवून. आजीने दारावर हात फिरवला, काही बोलली नाही, चहा टाकायला आत गेली. बॉनेटवरचा तो राखाडी पट्टा मी अजून रंगवून घेतलेला नाही. खंडेनवमीला हार घालताना तो दिसतो आणि मी फडकं हातातच धरतो.

तुमच्याही घरी अशी एखादी जुनी गाडी असेल, तर तिची गोष्ट व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!